घटका, पळ आणि संकष्टीचा चंद्र

मैत्रिणींनो, 'घटकाभर टेका हो' असं आपण सहज म्हणून जातो. पण घटका म्हणजे नेमकी २४ मिनिटं, बरं का! दिवसरात्रीच्या घटका ६०, घटकेची पळं ६०. म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका भरली. टोले देण्याच्या धातूच्या थाळीलाही 'तास' असंच नाव होतं.

पंचांगातल्या घटका सूर्योदयापासून मोजतात, आणि सूर्योदय गावोगाव निराळा. १९०६ मध्ये सुरू झालेली भारतीय प्रमाणवेळ मात्र साऱ्या देशाला एकच. एका रेखांशामागे ४ मिनिटांचा फरक पडतो. यवतमाळ मुंबईच्या पूर्वेला सव्वापाच अंशांवर. म्हणून चंद्र-सूर्य आपल्याकडे सुमारे २१ मिनिटं आधी उगवतात.

आता कामाची गोष्ट. दिनदर्शिकेत संकष्टीचा चंद्रोदय फक्त मुंबईचा दिला असेल, तर त्यातून यवतमाळकरांनी २१, वणीकरांनी २४ आणि उमरखेडकरांनी १९ मिनिटं वजा करावीत. ऋतुमानाप्रमाणे दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे व्हायचीच. दिवसभर उपाशी असलेल्या बाईला एवढा वेळही फार असतो. मोदक आधीच वाफवून ठेवा. आणि घरात कुणी गरोदर असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल, तर तिला चंद्राची वाट पाहायला लावू नका; तिची जेवणाची वेळ डॉक्टर सांगतील तीच.