उंची वाढली, तोल गेला

एखादा नियम सद्हेतूने केला जातो, त्याचे पालनही अक्षरशः होते आणि तरीही नुकसान सोसावे लागते ते भलत्याच माणसाला, हा अनुभव शाळा-कचेऱ्यांतून वावरणाऱ्यांना नवा नाही. मोटारींच्या इतिहासात याचे एक उदाहरण असे आहे की, त्या नुकसानीचे माप चक्क इंचांत घेता येते. ते उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील एमजीबी ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार. पन्नास वर्षांपूर्वी कारखान्याने तिची उंची हेतुपुरस्सर वाढविली. आज जुन्या बाजारात ती विकत घेणारे हौशी लोक पदरचे पैसे खर्चून ती पुन्हा खाली आणीत आहेत.

एमजीबी १९६२ मध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि १९८० पर्यंत निघत राहिली. या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या व त्यांतील निम्म्याहून अधिक अमेरिकेत गेल्या. बेताच्या ऐपतीच्या तरुणालाही घेता यावी अशी ती गाडी होती. तिचे इंजिन काही असामान्य नव्हते. जमिनीलगतची बैठक आणि वळणावरचा विश्वासू तोल हेच तिचे खरे भांडवल होते.

या भांडवलाला धक्का बसला तो अमेरिकन कायद्यामुळे. मंद वेगातील किरकोळ टकरीतही दिवे फुटतात, पत्रा चेपतो आणि दुरुस्तीचा खर्च मालकाच्या माथी येतो, हे पाहून तेथील शासनाने बंपरसंबंधी नियम केले. १९७३ च्या गाड्यांपासून पुढच्या बंपरने ताशी पाच मैलांची धडक सोसावी, असे बंधन आले. दोन गाड्यांचे बंपर समोरासमोर यावेत म्हणून पुढील वर्षी बंपरची उंचीही जमिनीपासून १६ ते २० इंच अशी ठरविण्यात आली. या नियमांचा हेतू निर्दोष होता. अवजड अमेरिकन मोटारींना ते पाळणे फारसे कठीणही नव्हते. अडचण झाली ती बुटक्या गाड्यांची.

ब्रिटिश लेलँड या मालक कंपनीपुढे दोन मार्ग होते. एक, गाडीचा पुढचा भाग नव्याने आखणे. दुसरा, आहे तीच गाडी उचलून धरणे. पहिल्या मार्गाला पैसा लागतो, आणि कंपनीची आर्थिक अवस्था तर अशी होती की, १९७५ मध्ये सरकारला तिचा ताबा घेऊन ती सावरावी लागली. साहजिकच दुसरा मार्ग पत्करण्यात आला. १९७४ च्या उत्तरार्धात क्रोमच्या नाजूक बंपरांच्या जागी काळे, जाडजूड रबरी बंपर आले आणि संपूर्ण गाडी एक ते दीड इंच वर उचलली गेली. नियम अमेरिकेचा होता. पण दोन प्रकारच्या गाड्या बनविणे परवडत नसल्याने ब्रिटनमधील गिऱ्हाइकाच्या पदरीही तीच उंचावलेली गाडी पडली.

इंच-दीड इंच ही बाब क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर ती बाहेरच्या अंगाला अधिक कलते. त्यात बंपरांचे वजन नेमके दोन्ही टोकांना वाढले. यावर कडी म्हणजे, कलणे आवरणारा पुढचा दांडा काटकसरीच्या नावाखाली त्याच सुमारास काढून टाकण्यात आला. दोनएक वर्षांनी तो परत आला, मागेही तसाच दांडा बसविण्यात आला आणि दोष बराचसा झाकला गेला. उंची मात्र कायम राहिली. दुर्दैव असे की, १९८२ मध्ये अमेरिकेने ताशी पाच मैलांची अट अडीच मैलांवर आणली. तोवर ॲबिंग्डनचा कारखाना बंद होऊन दीड-दोन वर्षे लोटली होती.

आजचा प्रश्न येथून सुरू होतो. क्रोम बंपरची एमजीबी आजही अधिक भाव खाते. रबरी बंपरची तुलनेने स्वस्तात मिळते. म्हणजे ज्याच्या खिशात कमी पैसे आहेत, त्याच्याच वाट्याला कारखान्याने मागे ठेवलेला दोष येतो. शिवाय ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या मोटारींना २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. शेवटची एमजीबीही ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेली आहे. सरकारी तपासनिसाची नजर दूर झाली, तेव्हा पारखण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर आली.

ही जबाबदारी कमानींपासून सुरू होत नाही. या गाडीला निराळी चासी नाही. दाराखालच्या पोकळ पट्ट्या तिचा भार वाहतात आणि गंज तेथेच आतून पोखरतो. त्या कुजलेल्या असतील, तर गाडी खाली आणण्याचा विचार म्हणजे भिंत खचली असता रंग काढण्यासारखा आहे. पट्ट्या शाबूत असतील, तर पुढे कमी उंचीच्या कमानी आणि मागे कमी बाक दिलेले पाटे, किंवा पाटा व धुरा यांच्यामध्ये ठोकळे, अशी योजना करता येते. पण चाकाला वरखाली होण्यास मिळणारी जागा त्यामुळे घटते. फार खाली आणलेली गाडी खड्ड्यात रबरी अडसरावर आपटते आणि हे ऐन वळणावर घडले तर ती एकाएकी ताठरते. सुकाणूच्या दांड्यांचा कोनही बदलतो. कमान कापून वा तापवून उंची घटविणे हा तर निव्वळ अविचार होय. तापविलेल्या पोलादाचे पाणी उतरते. सारांश, मूळ उंचीपर्यंत येणे ही दुरुस्ती आहे. त्याहून खाली जाणे हा बहुधा नुसता दिमाख ठरतो.

आता ‘मूळ’ कशाला म्हणावे, हा वाद उरतो. १९६२ च्या आराखड्याला, की १९७५ मध्ये कारखान्यातून निघालेल्या गाडीला? कायदा सामान्यतः दुसरे उत्तर देतो. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकपणेच लावला. गल्लोगल्ली कमानी कापल्या जात असताना हा कडकपणा समजण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये मात्र तपासणीतील सवलत देताना सस्पेन्शनचा प्रकार बदलणे हा मोठा फेरफार मानतात. तरी सुरक्षिततेसाठी केलेल्या सुधारणेला वाव ठेवला आहे. निर्मात्याचा तपशील प्रमाण मानणे सोयीचे खरे. पण तो तपशीलच पैशाच्या ओढाताणीतून आलेला असू शकतो, एवढे भान या तरतुदीत दिसते.

अमेरिकन शासनाला मालकाचा दुरुस्तीखर्च वाचवावयाचा होता. कारखान्याने आराखड्याचा खर्च वाचविला. दोघांचे हिशेब कागदावर जुळले. पण गाडीचा तोल कोणाच्याच खात्यावर मांडलेला नव्हता. ती रक्कम आज पन्नास वर्षांनंतर, गाडीखाली पाठीवर पडून पाटे बदलणारा तिसराच माणूस भरीत आहे. नियम करणाऱ्यांनी बंपरची उंची मोजली, तशी वळणावरची गाडीही एकदा तपासून पाहिली असती, तर हा भुर्दंड त्याच्यावर पडता ना.