उपस्थाता : चतुष्पादातील उपेक्षित पाद

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चिकित्साचतुष्पादापैकी पहिल्या दोहोंवर आपल्या परिषदांतून तासन्‌तास चर्चा होते. उपस्थात्याचे मात्र उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे चार गुण परीक्षेपुरते पाठ केले की आपले कर्तव्य संपते. हे गुण परिचारिकेच्या ठायी असावेत अशी आपली अपेक्षा असते. ते टिकावेत यासाठी रुग्णालयाने काय करावे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

काही वर्षांपूर्वीचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो. विरेचनाच्या एका रुग्णाचे वेग नातेवाइकांना विचारून केसपेपरवर ‘बारा’ असे लिहिले गेले. शुद्धी अवर समजून मी तीन दिवसांच्या संसर्जनक्रमानंतर नेहमीचा आहार सुरू केला. दोनच दिवसांत रुग्ण अग्निमांद्य व आध्मान घेऊन परतला. चौकशीअंती कळले की, त्या दिवशीच्या परिचारिकेने आपल्या वहीत प्रत्येक वेग वेळेसह नोंदविला होता. आरंभीचे मलयुक्त वेग वगळून तिची संख्या एकवीस भरत होती. म्हणजे शुद्धी मध्यम, आणि संसर्जन पाच दिवसांचे हवे होते. “मला कोणी विचारलं नाही, सर,” एवढेच ती म्हणाली. राऊंडच्या वेळी ती माझ्या मागेच ट्रे घेऊन उभी होती.

संघभावनेसाठी हल्ली कार्यशाळा होतात, सहली निघतात, 12 मे रोजी गुलाबपुष्पे वाटली जातात. त्यांस माझा विरोध नाही. पण ज्या वहीकडे वर्षभर कोणी पाहत नाही, तिची भरपाई पुष्पाने होत नाही. हर्झबर्ग यांनी 1959 साली मांडले की, वेतन व कामाची परिस्थिती वाईट असेल तर असमाधान उपजते. परंतु खरे समाधान कर्तृत्व, मान्यता व जबाबदारी यांतून लाभते. त्यांचा अभ्यास अभियंते व लेखापाल यांचा होता, तरी तो आपल्या वॉर्डालाही लागू पडावा. चरकांच्या उपकल्पनीय अध्यायात तर स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णास उठविणारे-निजविणारे, औषध वाटणारे, इतकेच नव्हे तर गाणी-गोष्टींत निपुण माणसेही सांगितली आहेत. प्रत्येकाचे काम निराळे, आणि ते जाणणारा तोच.

वेतनाचा प्रश्न टाळून हा विषय पुरा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांना, खाटा पन्नासांहून कमी असल्या तरी, दरमहा किमान 20,000 रुपये मिळावेत अशी शिफारस केली. आपल्यापैकी अनेकांची रुग्णालये याच गटातील आहेत. ‘आम्हांला परवडत नाही’ हे उत्तर मीही दिले आहे. मात्र पंचकर्माचे दरपत्रक वाढविताना ती अडचण मला आठवली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

त्या प्रसंगानंतर आमच्याकडे राऊंडचा प्रारंभ परिचारिकेच्या निवेदनाने होऊ लागला. वेगसंख्या, बस्तीच्या प्रत्यागमनाचा काळ व रात्रीची निद्रा या तीन नोंदी तिच्याच स्वाक्षरीने केसपेपरवर येतात. वेळ थोडा अधिक लागतो आणि निवासी वैद्य कुरकुरतात. ती परिचारिका मात्र तोवर अधिक वेतनावर दुसरीकडे रुजू झाली होती.