लायकीचा दाखला

परप्रांतात वसलेल्या मराठी मंडळींच्या बैठकीत गणेशोत्सवाची वर्गणी आणि बदल्यांच्या वार्ता आटोपल्या की एक मत हटकून ऐकू येते. लोकशाही तत्त्वतः उत्तम. परंतु आपले लोक अजून तिच्या लायक झालेले नाहीत, तोवर कर्तबगार अधिकाऱ्याच्या हाती कारभार असावा हेच बरे, असे ते मत. ते मांडणारे बहुधा सज्जन असतात, कामसू असतात, आणि त्यांचा अनुभवही खोटा नसतो. तरीही हे मत इतिहासाला धरून नाही, आणि आजच्या घडीला ते अपायकारक आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

आधी लायकी, मग अधिकार, हा क्रम ऐकायला तर्कशुद्ध वाटतो; परंतु लोकसत्ता ज्या ज्या देशात रुजली तेथे तो सहसा उलटाच घडला आहे. ज्याचे उदाहरण आपल्या कचेऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले त्या इंग्लंडकडेच पाहावे. १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतरही तेथील प्रौढ पुरुषांपैकी जेमतेम पाचांत एकाला मताधिकार होता. १८६६ साली तो वाढवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा रॉबर्ट लो यांच्यासारख्या विद्वान सभासदाने विरोध केला, आणि त्यांचा युक्तिवाद आपल्या बैठकीतल्या युक्तिवादाहून वेगळा नव्हता: मजूरवर्ग अशिक्षित आहे, त्याचे मत विकत घेता येईल. पुढल्याच वर्षी, १८६७ साली, शहरांतील कामगारांना मत मिळाले. त्यानंतर, १८७० साली, प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. नवे मतदार शिकले पाहिजेत ही निकड, ते मतदार झाल्यावरच राज्यकर्त्यांना भासली. मत आधी आले आणि शाळा मागून आली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्त्रियांना तर पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ साल उजाडावे लागले. तोवर त्यांच्याही लायकीची चर्चाच चालू होती.

येथे कोणी स्वदेशाचा दाखला काढून म्हणेल की आमच्याकडे गावोगाव गणराज्ये नांदत होती, आम्हांस परक्यांची उदाहरणे कशाला? मद्रासकडे नोकरी केलेल्या वाचकांनी उत्तरमेरूरचे शिलालेख पाहिले असतील. दहाव्या शतकातील, परांतक चोळाच्या काळातील त्या लेखांत ताडपत्रावर नावे लिहून, घटात घालून, चिठ्ठी काढून ग्रामसमित्या निवडण्याची पद्धत तपशीलवार दिली आहे. ज्याने पूर्वी समितीवर असताना हिशेब दिला नाही तो आणि त्याचे आप्त अपात्र, हा त्यातील नियम आजच्या कोणत्याही नगरपालिकेने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. परंतु त्याच लेखात जमीन, स्वतःचे घर आणि वेदाध्ययन यांच्याही अटी आहेत. म्हणजे लायकीचा दाखला तेथेही होता, आणि तो ज्यांच्यापाशी नव्हता त्यांना त्या घटात स्थान नव्हते. खेड्यांच्या या गौरवाचा डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत कठोर समाचार घेतला, तो अकारण नव्हे.

आता आपल्या अधिकारीवर्गाच्या पूर्वसुरींकडे वळू. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. त्यातील मर्म असे की कारभार लगेच सुधारेल म्हणून ही योजना नाही. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे हा तिचा मुख्य हेतू आहे. आरंभी चुका होतील हे ठराव लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. परंतु बिनसरकारी अध्यक्षाची कल्पना प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना रुचली नाही. परिणामी जिल्हा बोर्डांच्या अध्यक्षपदी बहुतेक ठिकाणी कित्येक दशके कलेक्टरसाहेबच बसले. ज्याला पोहायला शिकवायचे त्याला काठावर बसवून शिक्षकानेच पोहत राहावे, तसा हा प्रकार झाला. आणि मग त्याच साहेबांच्या अहवालांतून लोकांना कारभारात रस नाही असा शेरा उमटू लागला.

या चक्राला छेद देणारी मागणी एका मराठी माणसाने निःसंदिग्धपणे केली, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन देताना डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षराला आपले हित कळत नाही, हे म्हणणे त्यांनी मानले नाही. ज्याला दारिद्र्य आणि अस्पृश्यता रोज भोगावी लागते त्याला कायदा कोणाच्या बाजूचा आहे हे पुस्तक न वाचताही समजते. घटनेच्या ३२६ व्या कलमाने ती मागणी साऱ्या देशासाठी मान्य केली.

त्यानंतर जे घडले ते तर एका अधिकाऱ्याचेच कर्तृत्व होय. १९५१ च्या जनगणनेत शंभरांत सुमारे अठरा माणसे साक्षर होती आणि मतदार होते १७ कोटींहून अधिक. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे आय.सी.एस. होते. हे लोक लायक नाहीत असा अहवाल त्यांना सहज लिहिता आला असता. त्यांनी तसे न करता प्रत्येक उमेदवारासाठी निराळी पेटी आणि तिच्यावर निशाणी अशी योजना केली. सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई अशी नोंद करू पाहिली, तेव्हा ती नावे त्यांनी यादीबाहेर ठेवली. कारण मत व्यक्तीचे असते, नात्याचे नव्हे. लोक लायक आहेत की नाहीत हे ठरवणे अधिकाऱ्याचे काम नाही. त्यांचे मत पेटीपर्यंत निर्वेधपणे पोहोचेल अशी व्यवस्था उभारणे हे त्याचे काम आहे.

हे सारे जुने झाले असे कोणी समजू नये. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ साली अमलात आल्या. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी पंचायत व नगरपालिकांची निवडणूक झालीच पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला. तो घालावा का लागला, याचे उत्तर मद्रासने दिले आहे: १९७३ साली बरखास्त झालेल्या तेथील महानगरपालिकेची निवडणूक पुन्हा झाली ती १९९६ साली. दंडक घातल्यावरही चेन्नईत २०१६ ते २०२२ पर्यंत लोकनियुक्त सभा नव्हती. बंगळूर महानगरपालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नव्हती. आपल्या मुंबईत मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यातील निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद खरे होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु एवढी वर्षे सभागृह बंद राहिले आणि सुशिक्षित समाज फारसा अस्वस्थ झाला नाही, ते लायकीच्या त्या जुन्या समजुतीमुळेच.

यावर आक्षेप ठरलेला आहे: नगरसेवक ठेकेदारीत बुडालेले असतात, प्रशासकाच्या काळात निदान कामे तरी होतात. नगरसेवकांचे सोवळे सांगण्याची आमची इच्छा नाही. परंतु त्यांचे गैरव्यवहार आपल्या कानी येतात कसे? सभागृहात विरोधक असतो, तो प्रश्न विचारतो, स्थायी समितीत हमरीतुमरी होते, म्हणून. प्रशासकाच्या राजवटीत प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमल करणारा एकच असतो. तेथे आरडाओरड ऐकू येत नाही, एवढ्यावरून तेथे शुचिता नांदते असा निष्कर्ष काढणे साहसाचे ठरेल. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून महाराष्ट्राने कलेक्टरला जिल्हा परिषदेबाहेर ठेवले, आणि १ मे १९६२ पासून अधिकारी लोकनियुक्त सभेचे सेवक म्हणून काम करू लागले. आभाळ काही कोसळले नाही.

निवडणूक लांबवणारा हात बहुधा राज्यकर्त्यांचा असतो, अधिकाऱ्याचा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु प्रशासक म्हणून सही अधिकाऱ्याची असते. म्हणून आमच्या वाचकांपैकी ज्यांच्यावर तो प्रसंग येईल त्यांच्याकडून आमची मागणी मोजकी आहे. मुदत कधी संपली ती तारीख पहिल्याच टिपणीत नोंदवावी. मतदारयादी आणि प्रभागांचे काम आपल्या बाजूने अडले नाही, हे दरमहा लेखी कळवावे. सभेपुढे गेले असते ते प्रत्येक मोठ्या खर्चाचे प्रकरण मंजुरीपूर्वी जाहीर करावे. आणि खुर्ची सोडताना उत्तरमेरूरच्या त्या नियमाला स्मरून पैपैचा हिशेब नव्या सभेपुढे ठेवावा. लोकांकडे लायकीचा दाखला मागण्याची सवय आपल्याला साहेबाकडून लागली. लोकसत्तेत तो दाखला लोकांनी अधिकाऱ्याला द्यायचा असतो.