साथ, मोबाइल आणि दिलेला शब्द

२०२० च्या साथीत तापाने आलेला एक रुग्ण कोणाला भेटला ते सांगेना. "डॉक्टरसाहेब, नाव घेतलं तर त्यांच्या दारावर पाटी लागेल." आरोग्य खात्याबाहेर नावे जाणार नाहीत असा शब्द दिला, तेव्हा यादी मिळाली.

२ एप्रिल २०२० रोजी आलेल्या 'आरोग्य सेतू' ॲपचे काम हेच होते. ब्लूटूथने जवळच्या मोबाइलची नोंद ठेवायची आणि बाधिताच्या संपर्कातील लोकांना सावध करायचे. कल्पना चांगली होती. पण त्यात जीपीएसने ठावठिकाणाही नोंदला जाई. १ मेच्या आदेशाने ते नोकरदारांना सक्तीचे झाले आणि लोकांची शंका वाढली. त्याच महिन्यात सक्ती सैल करावी लागली.

सिंगापूरने आपल्या 'ट्रेसटुगेदर' ॲपची माहिती फक्त साथीसाठी वापरू, असे सांगितले होते. जानेवारी २०२१ मध्ये पोलीसही ती मिळवू शकतात हे उघड झाले!

वाचकहो, शब्द मोडला की माणूस आजार लपवतो, आणि साथ पसरते. म्हणून माहिती कोण पाहणार, केव्हा पुसणार, हे पुढच्या साथीआधीच कायद्याने ठरावे. सक्तीने ॲप मोबाइलमध्ये येईल. खरे उत्तर विश्वासानेच मिळते.