क्षमेचा जमाखर्च

महाविद्यालयीन समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत अखेरचा विषय 'आभारप्रदर्शन' हा असतो आणि त्याची घोषणा होताच सभागृहातील खुर्च्या वाजू लागतात, हा आपणां सर्वांच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. अध्यक्षांचे भाषण संयमाने ऐकून घेणारे श्रोतेही या वेळी चपला शोधू लागतात. असा एखादा कार्यक्रम आटोपून घरी येताना लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची कथा मला हटकून आठवते. येशूने दहाजणांना बरे केले. उपकार मानण्यासाठी मागे फिरला तो एकच, आणि तोही यहुदी लोक ज्यांना परके मानीत त्या शोमरोनी समाजातला. उरलेले नऊजण दुष्ट होते, असे ती कथा कोठेही म्हणत नाही. याजकाकडे जाऊन स्वतःस दाखवा, अशी आज्ञा त्यांना झाली होती आणि ते ती पाळण्यासाठीच निघाले होते. नियमाने वागणारी, पुढच्या कामाची घाई असलेली साधी माणसे होती ती.

जन्माने आणि श्रद्धेने मी ख्रिस्ती आहे, व्यवसायाने अर्थशास्त्राचा अध्यापक. या दोन गोष्टींची गाठ आठवड्यात क्वचितच पडते. रविवारी चर्चमध्ये कृतज्ञता, औदार्य आणि क्षमा यांवरील उपदेश ऐकावा आणि सोमवारी फळ्यावर मागणी-पुरवठ्याचे वक्र काढावेत, असा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. परंतु ज्या ग्रंथावरून तो उपदेश होतो, त्याची भाषा मात्र आश्चर्य वाटावे इतकी हिशेबाची आहे. ख्रिस्ती घरातील मूल बोलू लागताच जी प्रभूची प्रार्थना शिकते, तिच्या मत्तयाने दिलेल्या पाठात क्षमेची याचना पापाची नसून ऋणाची आहे. लूकच्या पाठात 'पाप' हा शब्द येतो खरा. पण दुसऱ्यास क्षमा करण्याची गोष्ट निघताच तोही 'ऋणी' या शब्दावर येतो. येशूच्या मातृभाषेत, म्हणजे अरामी भाषेत, ऋण आणि पाप या दोहोंना एकच शब्द चालत असे. तेव्हा ही केवळ अलंकारिक भाषा आहे, असे मानून पुढे जाता येत नाही.

मत्तयाच्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पेत्र येशूला विचारतो, भावाने अपराध केल्यास किती वेळा क्षमा करावी? सात वेळा पुरे काय? आमच्या कार्यालयीन परिपत्रकांच्या मनोवृत्तीस शोभेल असाच हा प्रश्न आहे; पेत्राला एक आकडा हवा होता. उत्तर मिळाले ते सातांच्या सत्तरपटीचे, आणि पाठोपाठ एक दाखला. एका राजाच्या सेवकाकडे दहा हजार तालांत येणे होते. त्याने पाय धरले, राजाने सर्व ऋण सोडले. तोच सेवक बाहेर पडला, आपल्या शंभर दीनार देणे असलेल्या सोबत्याचा त्याने गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकविले.

या रकमांचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यात मला गंमत वाटते. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार. म्हणजे पहिले ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षांचे. त्या काळी गालील व पेरिया या प्रांतांतून हेरोद अंतिपासला वर्षाकाठी दोनशे तालांत महसूल मिळे, असे जोसेफस हा यहुदी इतिहासकार नोंदवितो. एका सेवकाच्या नावे पन्नास वर्षांचा महसूल थकलेला आहे! ऐकणारे हसले असतील, आणि त्यांनी हसावे अशीच ती योजना असावी.

पण दुसऱ्या रकमेविषयी आमचे धर्मोपदेशक नेहमी एक चूक करतात, असे मला नम्रपणे म्हणावयाचे आहे. शंभर दीनार म्हणजे 'चिल्लर', असे ते सांगून टाकतात. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. ज्याचे घर महिन्याच्या पगारावर चालते, त्याला तीन-चार महिन्यांचा पगार बुडाल्यास काय होते हे ठाऊक असते. दाखला असे म्हणतच नाही की तुझे नुकसान क्षुल्लक आहे. तुझे येणे खरे आहे आणि लक्षात राहील इतके मोठे आहे, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. मग तू ज्या दाराने आत्ताच बाहेर आलास त्या दाराआड काय घडले, एवढेच तो विचारतो. आपल्याला काय मिळाले याचे भान सुटले, की आपले काय बुडाले एवढेच वहीत उरते. कृतज्ञतेचा आणि क्षमेचा संबंध मला तरी येथेच दिसतो.

आपल्या परंपरेतही मनुष्य ऋणे घेऊनच जन्मास येतो. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण यांची कल्पना येथल्या वाचकांस नवी नाही. परंतु ती ऋणे यज्ञाने, अध्ययनाने व संततीने फेडावयाची असतात. 'उतराई होणे' हा मराठी शब्दप्रयोग त्याच मनोभूमीतून आलेला दिसतो. दाखल्यातील ऋण फेडण्याजोगे नाहीच. 'मला अवधी द्या, सारे फेडतो', असे तो सेवक म्हणतो, तेव्हा दोन लाख वर्षांच्या मजुरीचे तो काय करणार होता? त्याचा दोष कदाचित येथूनच सुरू होतो. ऋण माफ झाल्यावरही आपण ते फेडू शकलो असतो, अशीच त्याची समजूत राहिली.

आता औदार्याविषयी. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, आमच्या लहानपणी पिके निघाल्यावर उपकारस्तुतीचा सण होई. कोणी बाजरीचे कणीस आणी, कोणी भोपळा, कोणी कोंबडी, कोणी चार अंडी. उपासना झाल्यावर चर्चच्या आवारात त्यांचा लिलाव होई आणि बाजारात दहा रुपयांस मिळणारा भोपळा शंभरास जाई. पुष्कळदा घेणारा तो लगेच परत देई आणि त्याच भोपळ्याचा दुसऱ्यांदा लिलाव पुकारला जाई. किंमतनिर्धारणाच्या कोणत्याही सिद्धान्तात ही गोष्ट बसविता येणार नाही. मात्र तेवढ्याच खरेपणाने हेही सांगितले पाहिजे, की त्या लिलावात सर्वांत मोठ्याने बोली करणाऱ्यांत देण्यापेक्षा दिसण्याची हौस असणारेही असत. पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव रंगविण्याची प्रथा सर्वधर्मीय आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात मंदिराच्या भांडारात दोन अगदी लहान नाणी टाकणाऱ्या विधवेची कथा आहे. श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, पण शिलकीतून; हिने सारी उपजीविका टाकली. रकमेपेक्षा तिचे उत्पन्नाशी असलेले प्रमाण मोजावे, हे प्रगतिशील करआकारणीचे तत्त्व आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवितो, ते येथे दोन नाण्यांत आले आहे. तरी या कथेने मी नेहमी थोडा अस्वस्थ होतो. त्या रात्री ती काय जेवली? औदार्याचे मोल कधीकधी देणाऱ्याहून निराळ्याच व्यक्तीच्या माथी पडते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती आलेला पैसा टिकत नसे. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्यास येई. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ती विसरता येत नाही, आणि लक्ष्मीबाई ती हसत सांगतात म्हणून ती हलकी ठरत नाही. दाता कोण आणि खर्च कोणाच्या नावे पडला, हा प्रश्न भक्तिभावाने झाकू नये.

क्षमेच्या बाबतीत तर तो टाळताच येत नाही. ऋण सोडले म्हणजे ते हवेत विरत नाही. कोणीतरी ते सोसते. सरकारची कर्जमाफी आपण २००८ मध्ये पाहिली, पुढे राज्यात २०१७ व २०१९ मध्येही पाहिली. तिच्या युक्तायुक्ततेची चर्चा येथे करावयाची नाही, पण तिचा भार करदात्यांवर विभागला जातो. दाखल्यातील राजाने मात्र स्वतःच्याच खजिन्यातील तूट पत्करली. जुन्या करारातील अनुवादाच्या ग्रंथात दर सातव्या वर्षी ऋणमोचन करावे अशी आज्ञा आहे आणि ते वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला उसने देण्याचे टाळू नये, असा इशाराही तेथेच आहे. इशारा पुरला नाही. सातवे वर्ष जवळ येताच धनको हात आखडता घेऊ लागले, तेव्हा हिल्लेल या यहुदी आचार्याने कर्जे न्यायालयाच्या स्वाधीन करून ती जिवंत ठेवण्याची तोड काढली. माफी कायद्याने सक्तीची केली, की देणारा देण्यापूर्वीच सावध होतो.

म्हणूनच क्षमा मागता येते, तिची वसुली करता येत नाही. दुर्बलास तू क्षमा कर म्हणून सांगणे हे सबलांस फार सोयीचे असते. मार खाणाऱ्या स्त्रीला चर्चमधील वडीलधाऱ्यांनी सोसण्याचा उपदेश करावा आणि त्याला क्षमा म्हणावे, हा ख्रिस्ती समाजातला जुना अपराध आहे आणि तो कबूल केला पाहिजे.

या संदर्भात सिस्टर रानी मारिया यांचे उदाहरण मला बोलके वाटते. केरळात जन्मलेली ही फ्रान्सिस्कन धर्मभगिनी मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, उदयनगर परिसरातील आदिवासींत काम करीत होती. सावकारी पाशातून त्यांनी सुटावे, सरकारी योजना व बँकांची कर्जे त्यांच्यापर्यंत पोहोचावीत, ही तिची खटपट होती. सावकारांना क्षमा करा, असे तिने आदिवासींना सांगितले नाही; हिशेब समजून घ्या, असे सांगितले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने तिच्यावर चाकूचे वार केले आणि ती मरण पावली. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली तिची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. २००६ मध्ये त्याची सुटका झाली, तिला रानी मारियांच्या कुटुंबाचीही संमती होती; पुढे तो केरळात जाऊन त्या माउलीला भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे रानी मारिया यांना 'धन्य' म्हणून घोषित करण्यात आले. आदिवासींच्या वतीने कोणी सावकारास माफ केले नाही, आणि न्यायालयाचा निकालही कोणी खोटा ठरविला नाही. ज्यांचे नुकसान झाले होते, त्यांनीच आणि तेवढेच सोडले.

अशी उदाहरणे सांगताना माझी जीभ मात्र थोडी अडखळते. काही वर्षांपूर्वी पगारदारांच्या पतसंस्थेच्या कर्जासाठी मी एका सहकाऱ्यास जामीन राहिलो. तो नोकरी सोडून परगावी गेला, त्याचा फोन बंद झाला आणि माझ्या पगारातून महिना चार हजार रुपये कापले जाऊ लागले. चोवीस महिने, शहाण्णव हजार रुपये. प्रत्येक कपात मी रोजनिशीच्या एका पानावर लिहून ठेवली. त्यातच आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वर्षभर लांबणीवर पडली.

गेल्या वर्षी हा गृहस्थ अचानक दारात उभा राहिला. बराच वाळला होता. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले, पैशाचा विषय निघाला नाही. उठताना त्याने आईला विचारले, "माई, डोळे कसे आहेत आता?" मला वाटले, आता ही सांगेल. आई म्हणाली, "दिसतं की चांगलं. लेक केवढी झाली रे तुझी?" तो तसाच उंबऱ्यात घुटमळला आणि "सर, मला सगळं कळतं," एवढेच म्हणून गेला. मला त्याचा राग आला होता. त्याहून अधिक आईचा आला. माझे येणे तिने मला न विचारता सोडून दिले, असे वाटले. मग लक्षात आले, की वर्षभर डोळे तिचे अधू होते.

त्या रात्री रोजनिशीचे ते पान काढले. समोरच्या कोऱ्या पानावर मी स्वतः कोणाचे काय लागतो ते लिहावे, असा विचार केला. पहिलेच नाव आमच्या गावातील मिशनशाळेच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे आले. माझ्या एम.ए.च्या परीक्षेचे शुल्क आणि दोन सत्रांचे खाणावळीचे पैसे त्यांनी भरले होते. मला नोकरी लागली तेव्हा ते हयात नव्हते. किंमत निर्देशांक लावून त्या रकमेचे आजचे मूल्य काढता येईल, म्हणून मी आकडेमोडही सुरू केली. पण ते पैसे मिळाले नसते तर मी आज कोठे असतो, याला निर्देशांक लागेना. पान तसेच अर्धवट राहिले.

कपातीचे पान मी फाडलेले नाही. त्या माणसाला मी क्षमा केली काय, असे कोणी विचारल्यास, काही महिने केली असे प्रामाणिक उत्तर द्यावे लागेल. महिनाअखेरीस ती पुन्हा करावी लागते. सातांची सत्तरपट ही निरनिराळ्या अपराधांची मोजदाद नसून एकाच अपराधाची असावी, असे अलीकडे मला वाटू लागले आहे. मुलीच्या लग्नाला मात्र आम्ही तिघेही गेलो. आहेराच्या पाकिटात किती घालावे यावरून घरी वाद झाला आणि तो आईने जिंकला.

गेल्या आठवड्यात विभागातील एक नवा सहकारी त्याच पतसंस्थेचा अर्ज घेऊन आला. जामीनदाराची एक जागा रिकामी होती. त्याचे पगारपत्रक आणि चालू कर्जाचा उतारा मी आधी मागून घेतला, दोन दिवस ठेवून घेतला, आणि मग सही केली.