गिल्डची सोयरीक: अलायन्स निवडताना रँक नव्हे, जुळणी पाहा

जेवणं उरकली, की निलंग्यातल्या कितीतरी घरांत हेडफोन कानाला लागतात. कुणी औराद शहाजानीहून जोडलं जातं, कुणी कासारशिरसीहून. कुणी लातूरला शिकवणीसाठी घेतलेल्या खोलीवर असतं, तर कुणी पुण्यातली पाळी संपवून नुकतंच आलेलं असतं. गावं वेगवेगळी असली तरी नावापुढचा टॅग एकच असतो. हा टॅग म्हणजे त्यांची गिल्ड. शाळेच्या बाकावर सुरू झालेली मैत्री गाव सुटल्यावरही तिथं टिकून असते.

अशा गिल्डला एक दिवस मेसेज येतो. 'आमच्या अलायन्समध्ये या. आमचा रँक बघा.' पोरं हरखून जातात आणि त्याच रात्री होकार कळवतात. पुढं महिना-दोन महिन्यांत निम्मे खेळाडू दुसरीकडं निघून जातात, ग्रुपवर शिव्या सुरू होतात आणि दोन-तीन वर्षं जपलेली गिल्ड मोडते. दोष खेळाचा नसतो. सोयरीक चुकलेली असते. म्हणूनच अलायन्स नीट निवडायची कशी, हे समजून घ्यायला हवं.

गिल्ड काय, अलायन्स काय?

गिल्ड म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा कायमचा गट. फ्री फायर मॅक्समध्ये त्याला गिल्ड म्हणतात, बीजीएमआय आणि क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये क्लॅन. अशा दोन किंवा अधिक गटांनी आपापलं नाव राखून एकमेकांना साथ द्यायचं ठरवलं, की अलायन्स होते.

काही खेळांत याची सोय खेळातच असते. 'गिल्ड वॉर्स' या जुन्या संगणकीय खेळात १० गिल्ड मिळून एक अलायन्स करता येत असे. आपल्याकडच्या बहुतेक मोबाइल खेळांत मात्र अलायन्स तोंडीच ठरते. व्हॉट्सॲप किंवा डिस्कॉर्डवर दोन लीडर बोलतात आणि खेळाडूंची देवाणघेवाण सुरू होते. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये एक मुख्य क्लॅन आणि त्याला खेळाडू पुरवणारे लहान क्लॅन अशी 'फॅमिली' असते. करार तोंडी असला की घोटाळाही तिथूनच सुरू होतो.

गरज का पडते?

त्याचं उत्तर साध्या गणितात आहे. क्लॅश ऑफ क्लॅन्समधली १५ विरुद्ध १५ ची वॉर लीग घ्या. सात दिवस, सात लढती, प्रत्येकाला दिवसाला एक हल्ला. म्हणजे एकूण १०५ हल्ले. क्लॅनच्या यादीत नावं तीस असली, तरी रोज हमखास येणारे अकराच असतील, तर दिवसाला चार याप्रमाणे २८ हल्ले वाया जातात. उरलेल्या ७७ हल्ल्यांवर पूर्ण हजेरीच्या क्लॅनशी लढायचं. कितीही चांगलं खेळलात तरी हे अंतर भरून निघणं अवघड.

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, दहावीची त्याच्या मागोमाग, मेमध्ये 'नीट'. पेरणीच्या दिवसांत शेतातली पोरं गायब. लातूर भागातल्या गिल्डची हजेरी वर्षभर सारखी राहूच शकत नाही. म्हणून सोबत हवी. जुन्या शेतकऱ्यांना हे नवं नाही. एकाकडं एकच बैल असला की तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करायचा. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पण सावड करताना कुणी नुसता धिप्पाड बैल बघत नसे. दोघांची चाल जुळते का, हे बघत. एक ओढणारा आणि एक रेंगाळणारा असला, तर नांगर वाकडा जातो आणि दोन्ही बैलांचे खांदे सोलतात.

पाच गुण जुळवा

पहिला गुण वेळेचा. समोरच्या गिल्डची गर्दी किती वाजता असते, ते विचारा. त्यांचा मुख्य खेळ रात्री बारानंतर आणि तुमच्यात निम्मी मुलं शाळेची, तर ही जोडी पहिल्या दिवशीच बाद. दुबईतल्या मराठी मुलांची गिल्ड आपल्यापेक्षा दीड तासच मागं असते, ते जमून जातं. अमेरिकेतल्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ. नात्यातले असले तरी रोजची लढाई त्यांच्यासोबत होणार नाही.

दुसरा गुण ध्येयाचा. एकाला स्पर्धा जिंकायच्या आहेत आणि दुसऱ्याला दिवसभराच्या कामानंतर तासभर हसायचं आहे. दोन्ही ठीकच. पण एका नांगराला जुंपले, तर स्पर्धावाला चिडतो आणि हसणारा खेळच सोडतो. 'सलग चार लढती हरलो तर तुम्ही काय करता?' हा एक प्रश्न विचारून पाहा. 'ज्यानं चूक केली त्याला काढतो' असं उत्तर आलं, तर तुमच्या गिल्डमधल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूचा चेहरा डोळ्यांपुढं आणा आणि मग ठरवा.

तिसरा गुण बोलण्याचा. निलंगा कर्नाटकाच्या सीमेवर. भालकी, बिदरची पोरं खेळात भेटतातच. मराठी, कन्नड आणि दखनी हिंदीची सरमिसळ इथं कुणाला नवी नाही. भाषेवाचून अडत नाही. अडतं ते तोंडाच्या वळणावर. माइकवर आई-बहिणीवरून शिव्या चालतात का? मुलगी खेळायला आली तर तिला काय ऐकावं लागतं? जातीवरून, धर्मावरून शेरे मारले तर लीडर थांबवतो का? दोन रात्री त्यांच्या व्हॉइस चॅटमध्ये गप्प बसून ऐका. रँकच्या चित्रातून जे कळत नाही, ते तिथं कळेल.

चौथा गुण अधिकाराचा. खेळाडू घेणं आणि काढणं कुणाच्या हातात राहणार? तुमची गिल्ड तुमच्याच नावानं राहणार की हळूहळू रिकामी होणार? बड्या अलायन्सना पुष्कळदा लहान गिल्ड नको असते, तिच्यातले तीन चांगले खेळाडू हवे असतात. हे आधी स्पष्ट विचारा. उत्तर टाळलं गेलं, तर तेच उत्तर समजा.

पाचवा गुण पैशाचा. तो सगळ्यात नाजूक आहे, म्हणून त्याकडं वेगळं वळू.

उदगीर ते पानिपत

युती जोडण्याचा आणि मोडण्याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. वर्ष पूर्ण व्हायच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तीच फौज उद्ध्वस्त झाली. कारणं अनेक होती, पण त्यांतलं एक सोबतीचं होतं. सूरजमल जाट मतभेद होऊन दिल्लीतूनच बाजूला झाला होता आणि अवधचा शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला होता. बळ तेच होतं, पण सोबत गेली आणि रसदही तुटली.

खेळांच्या जगातही असे दाखले आहेत. २००३ पासून चालू असलेल्या 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळयुद्धाच्या खेळात हजारो खेळाडूंच्या अलायन्स आहेत. तिथली 'बँड ऑफ ब्रदर्स' ही बलाढ्य अलायन्स फेब्रुवारी २००९ मध्ये एका रात्रीत विसर्जित झाली. कुणी तिला लढाईत हरवलं नव्हतं. तिच्यातलाच एक अधिकारी शत्रूला मिळाला आणि हातातले अधिकार वापरून त्यानं अलायन्सच बंद करून टाकली. त्याच खेळात २७ जानेवारी २०१४ ला एका प्रदेशाचं ठरलेलं देणं वेळेवर भरलं गेलं नाही. ताबा सुटला आणि त्यातून पेटलेल्या लढाईत 'टायटन' वर्गाची ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली.

दोन्हींचा अर्थ एकच. अलायन्स बुडते ती बहुतेक वेळा बंदुकीनं नाही, चुकीच्या हाती दिलेल्या चावीनं आणि 'ते काम दुसरा कुणीतरी बघेल' या समजुतीनं.

पैसा आला की थांबा

आता पाचव्या गुणाकडं. 'अलायन्समध्ये यायचं तर प्रत्येकी शंभर रुपये जमा करा. कस्टम रूम लावू, जिंकेल त्याला हजार.' असा मेसेज आला, तर पुढं जाऊ नका.

संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन आणि नियमनाचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ यांना मान्यता आहे. पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. पण मित्रांकडून पैसे गोळा करून रूम लावणारा पोरगा 'मी तर खेळाडूच' असं म्हणून सुटेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. नोंदणीकृत ई-स्पोर्ट्स स्पर्धेतलं प्रवेशशुल्क वेगळं आणि व्हॉट्सॲपवरची वर्गणी वेगळी.

दुसरा सापळा खात्याचा. 'तुझा आयडी-पासवर्ड दे, आम्ही रँक वाढवून देतो' किंवा 'बक्षीस पाठवतो, यूपीआय पिन टाक.' पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी 'तुझ्या बँक खात्यावरून पैसे फिरवू दे, कमिशन देतो' म्हणालं, तर तो अलायन्सवाला नव्हेच. अशा व्यवहारात पोलिसांची नोटीस खातेदाराच्या दारात येते. फसवणूक झालीच, तर लाजून बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

आधी सराव, मग साखरपुडा

पटलं तरी लगेच होकार देऊ नका. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये 'फ्रेंडली वॉर' असते. त्यात लूट नसते, त्यामुळं जिवाला घोरही नसतो. बाकी खेळांत मिश्र संघ करून, पैसे न लावता, सरावाच्या लढती खेळता येतात. दोन आठवडे असं खेळा. त्यात एकदा तरी हरा. हरल्यावर कोण कसं बोलतं, हे त्या दोन आठवड्यांचं खरं फळ.

मग चार ओळी लिहून काढा. कोणत्या दिवशी, किती वाजता. खेळाडू एकमेकांकडून घ्यायचे तर दोन्ही लीडरना विचारून. परीक्षेच्या काळात गैरहजेरी माफ. कुणाला बाहेर पडायचं असेल, तर आठ दिवस आधी सांगायचं आणि त्याबद्दल कुणी कुणाला शिवीगाळ करायची नाही. हा कागद कोर्टात चालणार नाही, पण रात्री साडेअकराला भांडण पेटलं की ग्रुपवर टाकायला तो उपयोगी पडतो. लीडरपद आणि गिल्डचा ईमेल मात्र आपल्याच माणसाकडं ठेवा. पहिले तीन महिने बाहेरच्या कुणालाही काढण्या-घेण्याचे अधिकार देऊ नका.

आणखी एक गोष्ट. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइल बंद झाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. खेळ येतात आणि जातात. ज्या गिल्डची माणसं खेळाबाहेरही एकमेकांना ओळखत होती, त्यांना दुसऱ्या खेळात पुन्हा एकत्र येणं सोपं गेलं. अलायन्स निवडताना स्वतःला विचारा, 'उद्या हा खेळ बंद पडला, तर यांच्यातल्या कुणाला मी फोन करीन का?'

आई-वडिलांसाठी दोन शब्द

'मोबाइल ठेव' एवढं म्हणून विषय संपत नाही. मुलगा कोणाशी खेळतो, त्या गटातलं सगळ्यात मोठं माणूस किती वयाचं आहे, कुणी पैसे मागितले का, हे तीन प्रश्न शांतपणे विचारा. जो मुलगा वीस जणांची वेळ जुळवतो, रुसलेल्याला परत आणतो, हरल्यावर गट सांभाळतो, तो काहीतरी शिकतो आहे. पण त्याची झोप, अभ्यास आणि खिसा यांवर त्या गटाचा ताबा येत असेल, तर ती अलायन्स कितीही वरच्या रँकची असो, मोडायलाच हवी. चिडचिड आणि जागरण हाताबाहेर जात असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

शेवटी, जुळणारा जोडीदार मिळालाच नाही तर एकटं राहणंही वाईट नाही. अकरा जणांची गिल्ड खालच्या लीगमध्ये खेळेल आणि कधी हरेलही. पण दिवाळीत सगळे गावी आले, की तेच अकरा जण निलंगा राईसच्या गाड्यावर एकत्र उभे असतील. असे अकरा जण कोणत्याही रँकच्या बदल्यात देऊ नका.