काहीतरी केले असेल!

विचार-पोलीस म्हटले की आमचे विद्वान रशियाकडे बोट दाखवून मोकळे होतात. जॉर्ज ऑर्वेलची 'नाईन्टीन एटी-फोर' (१९४९) म्हणे स्टालिनवर. आपला काय संबंध?

संबंध नाही कसा, हाच आमचा सवाल आहे. मोतिहारीत जन्मलेला हा लेखक १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात इंग्रजांचा पोलीस अधिकारी होता, आणि ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. हुकूम आणि तुरुंग त्याने आतून पाहिले, मग नोकरीवर लाथ मारली. त्याच्या ओशनियात साहेबाचे पोलीस ठाणेही आहे, असे आम्ही मानतो.

ओशनियात कायदाच नाही, म्हणून काहीच बेकायदा नाही. तरी माणसे रात्री उचलली जातात. खटला नाही, अटकेची बातमी नाही. कागदोपत्री तो माणूस जन्मलाच नव्हता! सगळे टेलिस्क्रीनला भितात. आम्हाला भीती वाटते ती पार्सन्सची. झोपेत बरळला म्हणून सात वर्षांच्या लेकीने त्याला पकडून दिले, आणि कोठडीत बसून बापाला तिचा अभिमान वाटतो. पक्षाने धरले म्हणजे आपण गुन्हेगारच, याविषयी त्याला शंकाही नाही.

ही बिनवर्दीची फौज. तिला पगार लागत नाही.

पोलीस सुधारा, ही मागणी रास्तच आहे. पण शेजाऱ्याला नेल्यावर 'काहीतरी केले असेल' म्हणून दार लावून घेणारे आम्ही कधी सुधारणार? त्या दाराआड प्रत्येक घरात एक पार्सन्स राहतो.